पासष्ट आणि पंच्याहत्तर यांच्या मधली शाळा

न्यूयॉर्क राज्यात शालान्त निकाल रीजंट्स नावाच्या परीक्षांवर ठरतो. पाच परीक्षांत किमान ६५ गुण आणि पास केलेल्या विषयांची क्रेडिटं (न्यूयॉर्क शहरात चार वर्षांत ४४), एवढं झालं की हायस्कूलचा डिप्लोमा हातात. न्यूयॉर्क शहराचं सार्वजनिक विद्यापीठ म्हणजे सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क. सगळे तिला क्यूनी म्हणतात. तिथे मात्र इंग्रजीच्या रीजंट्समध्ये ७५ असले तर मुलगा कॉलेजच्या वर्गात बसायला तयार आहे असं धरलं जाई. नसतील तर दुसऱ्या एखाद्या चाचणीत तेवढी तयारी दाखवायची. म्हणजे ६५ ला शाळा सुटते आणि ७५ ला कॉलेज सुरू होतं. मधल्या दहा गुणांना धनी नाही. शाळा म्हणते, आम्ही तर पास केला. कॉलेज म्हणतं, आमच्याकडे कच्चा आला.

हे दहा गुण किती महाग पडतात? २०१२-१३ च्या सुमाराला शहरातल्या सरकारी शाळांमधून क्यूनीच्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीच्या कॉलेजांत, येणाऱ्या दर दहा मुलांपैकी जवळजवळ आठ जणांना वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी कशाची तरी उजळणी करावी लागत होती. उजळणीच्या वर्गाला क्रेडिट नाही, पण वेळ जातो आणि मिळालेली आर्थिक मदतही त्यात खर्च होते. वर्षभर कॉलेजला जाऊनही गुणपत्रक रिकामं, अशी ती अवस्था. मग संध्याकाळची नोकरी लागते, एक सेमिस्टर सुटतं, आणि पोरगं पुन्हा वर्गात दिसत नाही.

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातल्या पी-टेक नावाच्या ज्या शाळेबद्दल मी लिहितोय, तिचं वर्णन बहुतेक ठिकाणी ‘आयबीएमची शाळा’ असं येतं. मुलं नववीत घ्यायची, सहा वर्षांनी पदवी आणि नोकरी देऊन बाहेर काढायची. बातमी म्हणून हे छान आहे. मला मात्र ती या दहा गुणांच्या फटीत बांधलेली शाळा वाटते. तिचं जे जमलं ते या फटीत जमलं, आणि जिथे ती ठेचकाळली तेही इथेच.

असं वाटण्याचं कारण माझ्या नोकरीत आहे. मी एका तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवतो. दरवर्षी पहिल्या चाचणीचे पेपर वाटले की दोनचार मुलं मागे थांबतात. दोन वर्षांपूर्वी असाच एकजण थांबला होता. तीसपैकी चार गुण. “सर, दहावीला गणितात ८८ होते मला.” खोटं बोलत नव्हता. मी त्याचा पेपर उघडला. पहिल्याच प्रश्नात ‘रिझॉल्व्ह इन्टू पार्शल फ्रॅक्शन्स’ असं होतं आणि खाली जागा कोरी. विचारलं, का सोडलास? म्हणाला, “रिझॉल्व्ह म्हणजे काय ते कळलं नाही.” मी म्हटलं, अरे, एका अपूर्णांकाचे दोन साधे तुकडे पाडायचेत. त्यानं पेन घेतला, बाकावर वाकला, आणि पाच मिनिटांत ए आणि बी दोन्ही काढून दाखवले. मराठी माध्यमातून आलेला मुलगा. दहावीच्या ८८ आणि आमच्या ४ यांच्या मध्ये त्याचं गणित कुठेच कमी पडलेलं नव्हतं.

तर, ब्रुकलिन.

शाळेचं पूर्ण नाव पाथवेज इन टेक्नॉलॉजी अर्ली कॉलेज हायस्कूल, बोलताना पी-टेक. सप्टेंबर २०११ मध्ये ती क्राउन हाइट्स या भागात सुरू झाली, तीही स्वतःच्या इमारतीत नाही. तिथे पॉल रॉबसन हायस्कूल होतं. गायक, नट आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडलेल्या रॉबसनचं नाव दिलेली ही शाळा निकाल खराब म्हणून शहरानं टप्प्याटप्प्यानं बंद करायला घेतली होती. त्यामुळे काही वर्षं एकाच छपराखाली एक शाळा दर जूनला एका इयत्तेनं आटत होती आणि दुसरी दर सप्टेंबरला एका इयत्तेनं वाढत होती. पी-टेकच्या कौतुकाच्या लेखांत ही गोष्ट एका वाक्यात उरकली जाते. त्या भागातल्या पालकांना ती तशी उरकता आली नसणार.

भागीदार तीन होते: शहराचा शिक्षण विभाग, क्यूनी आणि आयबीएम. क्यूनीकडून न्यूयॉर्क सिटी कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे सिटी टेक, हे डाउनटाउन ब्रुकलिनमधलं कॉलेज जोडलं गेलं. आयबीएमच्या बाजूनं ही कल्पना ज्यांनी रेटली ते स्टॅनली लिटो कंपनीच्या सामाजिक कामाचे प्रमुख होते. त्याआधी ते न्यूयॉर्क शहराच्या शाळांचे उपप्रमुख होते, आणि हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. कंपनीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला शाळेचं वेळापत्रक कोण ठरवतं, शिक्षकांच्या संघटनेशी काय बोलायचं, प्रवेशाचा अर्ज कुठे अडतो, हे आतून ठाऊक होतं. आपल्याकडे उद्योग आणि शिक्षण यांचे सामंजस्य करार होतात. फोटो निघतात, फाइल कपाटात जाते. त्या टेबलावर असा माणूस बहुधा नसतो. शाळेचे पहिले मुख्याध्यापक होते रशीद डेव्हिस.

शाळेत शिकता शिकता कॉलेजची क्रेडिटं मिळवायची ही कल्पना काही पी-टेकची नाही. न्यूयॉर्कमध्येच, क्वीन्सच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात १९७४ मध्ये पहिलं मिडल कॉलेज हायस्कूल सुरू झालं होतं, आणि ते शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी होतं. २००२ पासून गेट्स फाउंडेशनच्या पैशावर अर्ली कॉलेज शाळांची देशभर लाट आली. नॉर्थ कॅरोलायनानं तर ती राज्याच्या धोरणातच आणली. पी-टेकनं तिसरा भिडू घेतला: नोकरी देणारा. आणि कॉलेजचा भाग ‘थोडीफार क्रेडिटं’ एवढ्यावर न ठेवता थेट तांत्रिक पदवीला बांधला. कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्स किंवा इलेक्ट्रोमेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी, यांतली असोसिएट इन अप्लाइड सायन्स. ही दोन वर्षांची पदवी म्हणजे साठेक क्रेडिटं. तीन-तीन क्रेडिटचे विषय धरले तर वीसेक विषय.

म्हणून ही शाळा नववी ते चौदावीची. तेरावी आणि चौदावी हे शब्द आपल्याकडे चेष्टेत वापरतात. तिथे ते अधिकृतपणे वापरात आले, आणि या नमुन्याला नावच ‘नाइन टू फोर्टीन’ पडलं. हायस्कूलची चार आणि कॉलेजची दोन वर्षं वेगवेगळी मोजायची नाहीत, सहा वर्षांचा एकच आराखडा करायचा आणि मूल आपल्या गतीनं त्यातून जाईल. कोणी चार वर्षांत संपवेल, कोणी सहात. फी नाही, पुस्तकांचा खर्च नाही.

प्रवेश परीक्षाही नाही. न्यूयॉर्कमध्ये आठवीची मुलं बारापर्यंत शाळांचा पसंतीक्रम भरतात आणि संगणक त्यांना शाळा वाटून देतो. काही शाळा गुण बघतात, काही स्वतंत्र परीक्षा घेतात. पी-टेकनं गुण बघितले नाहीत. माहिती सत्राला येऊन गेलेल्यांना प्राधान्य, बाकी नशीब. पहिल्या वर्षी शंभरेक मुलं आली. बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, बहुतेक कमी उत्पन्नाच्या घरांतली, आणि मुलींपेक्षा मुलगे बरेच जास्त. निवडून घेतलेल्या हुशारांची शाळा काढून नंतर निकाल मिरवणं सोपं असतं. ती पळवाट इथे पहिल्याच दिवशी बंद केली होती.

आता या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग. अभ्यासक्रम शेवटाकडून बांधला गेला. असोसिएट पदवीवर मिळू शकतील अशा आयबीएममधल्या पहिल्या पायरीच्या नोकऱ्यांची यादी काढली, त्या नोकरीत माणूस दिवसभर काय करतो ते लिहून काढलं, त्यासाठी काय यावं लागतं ते ठरवलं, मग ते सिटी टेकच्या कुठल्या विषयात शिकवतात ते बघितलं, त्या विषयात बसायला आधी काय यायला हवं ते बघितलं, आणि असं उतरत उतरत नववीच्या सप्टेंबरपर्यंत आले.

हे ऐकायला साधं आहे. करून बघा. समजा, ग्राहकाची यंत्रणा बंद पडल्यावर फोन घेणाऱ्या तंत्रज्ञाचं पद आहे. त्याला नेटवर्क कळायला हवं, हे कोणीही सांगेल. पण वैतागलेल्या माणसाचं बोलणं ऐकून त्यातून नेमका बिघाड ओळखता यायला हवा, मग काय झालं, काय केलं, काय राहिलं हे चार ओळींत लिहिता यायला हवं, म्हणजे पुढच्या पाळीतला माणूस तिथून काम उचलेल. त्या चार ओळी म्हणजे इंग्रजीचा पेपर. रीजंट्समधला ७५ चा आकडा कॉलेजनं उगाच लावलेला नाही, हे असं उलटं चालत आलं की दिसतं. आणि मग नववीच्या वेळापत्रकात प्रोग्रामिंगआधी इंग्रजीच का वाढवायला हवं, तेही कळतं.

पी-टेकनं नेमकं तेच केलं. नववीला इंग्रजी आणि गणिताच्या जोड तासिका. दिवस इतर शाळांपेक्षा लांब. नववी सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात तयारीचे वर्ग. शिवाय ‘वर्कप्लेस लर्निंग’ नावाचा विषय, ज्यात गटानं काम करणं, चारजणांसमोर उभं राहून बोलणं, कामाचं पत्र लिहिणं हे शिकवतात. तांत्रिक शाळा म्हणून आलेल्या पालकांना पहिल्या वर्षात तंत्र कमी आणि भाषा जास्त दिसली असेल. दर मुलामागे आयबीएममधला एक मेंटॉर, पुढे पगारी उन्हाळी इंटर्नशिप, आणि पदवी घेऊन बाहेर पडल्यावर कंपनीच्या भरतीत रांगेत पुढची जागा. रांगेत पुढची जागा म्हणजे नोकरीची हमी नव्हे. हे शब्द मुद्दाम जपून निवडलेले आहेत, आणि वाचणाऱ्यांनी बहुतेकदा ते जपून वाचले नाहीत.

पैशाचंही असंच. शाळा सरकारी, पगार सरकारी. आयबीएमकडून मुख्यतः माणसं आणि त्यांचा वेळ आला. शाळेत कंपनीचा एक पूर्णवेळ समन्वयक आणि कॉलेजचाही एक. मला विचाराल तर या नमुन्यातला सगळ्यात कामाचा खर्च या दोन खुर्च्यांवरचा आहे. मेंटॉर बदलतात, इंटर्नशिपच्या जागा कमीजास्त होतात. पण “या मुलाचं बीजगणित कच्चं आहे, त्याला या सत्रात कॉलेजचा विषय देऊ नका” हे सांगणारं कोणीतरी रोज त्या इमारतीत बसलेलं लागतं.

प्रसिद्धी मात्र या खुर्च्यांना मिळाली नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये बराक ओबामांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात पी-टेकचं नाव घेतलं. तेव्हा शाळेला दीड वर्षही झालं नव्हतं, एकही तुकडी बाहेर पडलेली नव्हती. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला ते स्वतः शाळेत जाऊन आले. पुढे केंद्र सरकारनं अशा शाळांसाठी दहा कोटी डॉलरच्या घरातली अनुदान योजना काढली. न्यूयॉर्क राज्यानं जिल्ह्याजिल्ह्यांत पी-टेक काढायला घेतल्या, शिकागोत २०१२ मध्येच एक सुरू झाली होती, टेक्सासनं २०१७ मध्ये कायदा केला, ऑस्ट्रेलियातही नमुना गेला. न्यूयॉर्क शहरातच भाऊबंद उभे राहिले: ब्रॉन्क्समध्ये माँटेफिओरे रुग्णालयाबरोबर आरोग्यसेवेची, क्वीन्समध्ये कॉन एडिसन आणि नॅशनल ग्रिड या वीज आणि गॅस कंपन्यांबरोबर ऊर्जेची, सॅप या सॉफ्टवेअर कंपनीबरोबर व्यवसाय तंत्रज्ञानाची. म्हणजे पहिल्या शाळेची सहा वर्षं पुरी व्हायच्या आत तिच्या नकला निघत होत्या. असं घाईनं पसरलेलं काहीही बघितलं की मला धास्ती वाटते. पण राजकारण्याला सहा वर्षं थांबायला सांगणार कोण?

आणि घाई शाळेच्या आतही होती. ‘मूल आपल्या गतीनं जाईल’ या वाक्यात एक खाच आहे. गती मोजणारे सगळे वेगाचं कौतुक करतात. चार वर्षांत दोन्ही पदव्या घेणारी मुलगी वर्तमानपत्रात येते, सहा वर्षं घेणारा येत नाही, आणि खरं म्हणजे शाळा त्याच्यासाठी बांधली होती. सुरुवातीच्या तुकड्यांतली काही मुलं दहावीतच सिटी टेकच्या विषयांना बसली. सगळी तयार नव्हती. कॉलेजच्या विषयांत डी आणि एफ हे तळाचे शेरे पडू लागले, इतके की त्याची बाहेर चर्चा झाली.

एफ म्हणजे नुसता नापास नव्हे. शाळेच्या प्रगतिपुस्तकावरचा लाल शेरा पुढच्या वर्षी कोणी बघत नाही. कॉलेजचं गुणपत्रक जन्माचं असतं. समजा, पंधरा वर्षांची एक मुलगी सकाळी शाळा करून दुपारी भुयारी रेल्वेनं डाउनटाउनला जाते, विशीतल्या मुलांच्या वर्गात बसते, आणि सेमिस्टरच्या शेवटी तिला दोन विषयांत एफ मिळतात. अठराव्या वर्षी ती जेव्हा खऱ्या अर्थानं कॉलेजात जाईल, तेव्हा तिची सरासरी आधीच खड्ड्यात असेल. पदवीला चारपैकी २.० ची सरासरी लागते. सरकारी आर्थिक मदत चालू राहायलाही समाधानकारक प्रगती दाखवावी लागते. म्हणजे लवकर कॉलेज मिळालं आणि त्यापायी पुढचं कॉलेज अवघड झालं. दहा गुणांची फट बुजवायला काढलेल्या शाळेनंच काही मुलांना फट बुजण्याआधी पलीकडे उडी मारायला लावली.

यावर उपाय काय, तर थांबणं. कोणाला कधी कॉलेजचा विषय द्यायचा याची कडक चाळणी. पण चाळणी लावली की पुन्हा प्रवेश परीक्षेसारखंच काहीतरी शाळेच्या आत उभं राहतं. ज्यांना चाळणीतून जाता येत नाही त्यांचं दहावी, अकरावी, बारावीत काय करायचं? ती साध्या हायस्कूलमध्येच आहेत असं त्यांना वाटणार. हा पेच कुठल्याही अर्ली कॉलेज शाळेला चुकलेला नाही. निवडून मुलं घेणाऱ्या शाळांना तो फक्त जाणवत नाही.

निकालांकडे येऊ. २०१५ मध्ये पहिल्या तुकडीतल्या सहाजणांनी दोन्ही पदव्या चार वर्षांत, म्हणजे दोन वर्षं आधी पूर्ण केल्या. कोणी आयबीएममध्ये रुजू झालं, कोणी चार वर्षांच्या कॉलेजला गेलं. शंभरातले सहा ही बातमी होती, पुरावा नव्हता. पुरावा नंतर आला. एमडीआरसी या संशोधन संस्थेनं न्यूयॉर्क शहरातल्या सात पी-टेक शाळांचा अभ्यास केला. त्यात युक्ती अशी की संगणकाच्या वाटपात चिठ्ठीचा भाग असतो. एकाच पसंतीक्रमानं पी-टेक मागितलेल्या दोन मुलांपैकी एकाला ती मिळते, दुसऱ्याला नाही, आणि दोघांत फरक फक्त नशिबाचा. मग दोघांचं पुढे काय झालं ते बघायचं. आपल्याकडच्या लॉटरी पद्धतीच्या प्रवेशांवर असा अभ्यास कोणी का करत नाही, हे मला कोडं आहे.

दिसलं ते असं. दुसऱ्या वर्षाअखेर इंग्रजीच्या रीजंट्समध्ये क्यूनीला लागणारे गुण मिळवलेल्यांचं प्रमाण पी-टेकमध्ये बरंच जास्त होतं. तेच ते ७५. यातला काही भाग वेळेचा आहे, कारण इतर शाळांत ही परीक्षा साधारण अकरावीत देतात. शाळेत असताना कॉलेजचे विषय घेणारेही पी-टेकमध्ये पुष्कळ जास्त. हायस्कूल पास होण्याच्या प्रमाणात मात्र फायदा दिसला नाही. आणि बारावीनंतरची काही वर्षं गेल्यावर असोसिएट पदवी मिळवणाऱ्यांत पी-टेकची मुलं पुढे होती. फरक एक आकडी टक्क्यांतला, आणि तो मुख्यतः मुलग्यांमुळे.

हा शेवटचा मुद्दा मी दोनदा वाचला. अमेरिकेतल्या शहरांत कॉलेजपर्यंत न पोचणारा, पोचला तर पहिल्या वर्षात गळणारा जो मुलगा असतो, बहुधा कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो, त्याला या शाळेनं धरून ठेवलं असा त्याचा अर्थ लावता येतो. मुलींसाठी ही शाळा इतर शाळांहून फार वेगळी ठरली नाही, असाही तोच आकडा वाचता येतो. निदान ब्रुकलिनच्या पहिल्या शाळेत तरी नोकऱ्यांची निवड संगणक आणि इलेक्ट्रोमेकॅनिकलची होती आणि मुलीच कमी होत्या, तेव्हा हे अगदीच अनपेक्षित नाही.

एक आकडी टक्के म्हणजे थोडे की खूप? ओबामांच्या भाषणावरून जे वाटलं असेल त्या मानानं थोडे. कुठलीही निवड न करता घेतलेल्या मुलांत एवढा फरक पडणं, तोही सात वेगवेगळ्या शाळांत मिळून, हे मला थोडं वाटत नाही. आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात शंभरात पाच पोरं जास्त टिकली तर विभागप्रमुख पेढे वाटतील.

आणखी एक हिशेब चुकत राहिला, तो मोजपट्टीचा. हायस्कूलचं यश राज्याच्या कागदावर चार वर्षांत किती पास झाले यावर मोजतात. सहा वर्षांची शाळा त्या पट्टीवर ठेवली की आरामात चालणारं मूल मागे पडलेलं दिसतं. शाळेनं मनापासून सांगितलं की सहा वर्षं घे, आणि कागद म्हणतो की चारच.

नोकरीचं काय? ‘आयबीएमची शाळा’ म्हणून जी प्रतिमा होती तिच्या मानानं आयबीएममध्ये थेट लागलेली मुलं कमीच. पुष्कळांनी पुढे चार वर्षांची पदवी धरली. सिटी टेकमध्ये ही वाट बरी आखलेली आहे, कारण तिथली असोसिएट पदवी तिथल्याच संगणकाच्या बीटेकला पुढे जोडली जाते. दुसऱ्या कॉलेजला जायचं तर अप्लाइड सायन्सच्या पदवीतले सगळे विषय तिकडे धरले जातीलच असं नाही. काही टीकाकारांनी याला शाळेचं अपयश म्हटलं: नोकरीसाठी बांधली आणि मुलं कॉलेजला गेली. मला ही टीका उलटी वाटते. अमेरिकेत तांत्रिक शिक्षणाचा इतिहासच असा आहे की गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना ‘तुम्हाला कॉलेज झेपणार नाही’ म्हणून वर्कशॉपच्या वर्गाकडे वळवलं जाई. तिथल्या आईबापांच्या मनातली ती भीती पी-टेकच्या इमारतीतही होतीच असणार. अशा मुलानं तांत्रिक पदवी घेऊन ‘आता मी पुढे शिकतो’ म्हणणं, यात गैर काय झालं? आपल्याकडेही ‘मार्क कमी पडले, टाक आयटीआयला’ हे वाक्य कुठल्याही लग्नसमारंभात ऐकू येतं, त्यामुळे ही भीती समजायला ब्रुकलिनला जावं लागत नाही.

हे सगळं मित्रांना सांगितलं की ते हमखास म्हणतात, “अरे, हा तर आपला दहावीनंतरचा डिप्लोमा झाला!” वरवर तसं आहे. दहावीच्या गुणांवर प्रवेश, तीन वर्षं तांत्रिक शिक्षण, नोकरी नाहीतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग. एका बाबतीत तर आपण पुढे आहोत: डिप्लोमातून पदवीला जायची वाट राज्यभर एकसारखी आखलेली आहे, सिटी टेकसारखी एकाच कॉलेजपुरती नाही. पण डिप्लोमा दहावीनंतर सुरू होतो. दहावी घेणारं मंडळ वेगळं, डिप्लोमाची परीक्षा घेणारं मंडळ वेगळं, आणि मधे एक जून महिना. पी-टेकनं हा जून काढून टाकला. नववीच्या शिक्षकाला ठाऊक असतं की याच मुलाला दोन-तीन वर्षांनी कॉलेजच्या कुठल्या विषयात कुठलं वाक्य वाचावं लागणार आहे, कारण ते सांगणारा माणूस त्याच्याच शिक्षकखोलीत बसतो.

आयबीएमनं भारतातही केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाबरोबर राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमध्ये दोन वर्षांचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा सुरू केला होता. तो उपयोगी असेल, पण त्यात शाळा नाही, म्हणजे पी-टेकचा मुख्य भागच नाही.

पी-टेकबद्दल वाचायला लागल्यापासून मला एक गोष्ट टोचत होती. आमच्या तंत्रनिकेतनात ज्या शाळांमधून सगळ्यात जास्त मुलं येतात, त्यांतली एक आमच्या फाटकापासून चालत दहा मिनिटांवर आहे. बारा वर्षांत मी तिथे एकदाही गेलो नव्हतो. गेल्या जूनमध्ये गेलो. दहावीला गणित शिकवणाऱ्या बाईंना आमचे जुने पेपर दाखवले. त्यांनी चष्मा लावून पहिला प्रश्न वाचला, पुन्हा वाचला, म्हणाल्या, “सर, हे येईल की आमच्या पोरांना. अजून किती वर्षांचे आहेत तुमच्याकडे?” मी पाच वर्षांचे झेरॉक्स करून नेऊन दिले. बाईंनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि ‘रिझॉल्व्ह’खाली रेघ मारून वर बारीक अक्षरात लिहिलं: तुकडे पाडा.